वारलू नटाचं अर्थशास्त्र

वारलू बोरकुटे कॉलेजात गेला तो तोंडाच्या जोरावर. चामोर्शीच्या पट्ट्यात कोणालाही विचारा, हेच सांगेल. गावच्या नाटक मंडळात पाच वर्षं राजाचं काम त्याच्याकडे होतं, आणि राजाला बोलावं फार लागतं. आपल्या वाट्याची वाक्यं लिहिलेली वही हातात पडली की आठ दिवसांत ती पाठ, काना-मात्रेचा फरक नाही. बाकीचे नट अडले की पडद्याआडून वाक्य सांगणाऱ्याकडे डोळे फिरवत. वारलूला समोरच्या नटाच्या वाक्याचा शेवट तेवढा ऐकू यायला हवा, पुढचं सगळं आपोआप बाहेर पडे, मग मध्ये कोणी मेलं तरी तो थांबत नसे. थांबला तो एकदाच, भर प्रयोगात रंगमंचावर कुत्रं चढलं तेव्हा. राजे गोंधळले, थांबले, आणि भाषण पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू केलं. प्रेक्षकांनी ते दोनदा ऐकून घेतलं, कारण राजाचा आवाज खरोखरच चांगला होता.

मॅट्रिकसुद्धा असंच झालं. पुढं दोन वर्षं आलापल्लीकडे एका जंगल ठेकेदाराच्या हाताखाली सागाच्या लाकडांवर नंबर ठोकायचं काम केलं. दिवसभर हातोडा आणि मच्छर. हिवतापानं दोनदा अंथरुणाला खिळल्यावर बायको कमळानं ठरवलं की नवऱ्यानं शिकावं. नवऱ्यानंही ठरवलं, पण नंतर. अठ्ठावन्न सालच्या पावसाळ्यात, तेविसाव्या वर्षी, वारलू चांद्याच्या कॉलेजात कला शाखेच्या पहिल्या वर्षाला बसला.

राहण्या-जेवणाची सोय एका बोर्डिंगात फुकट झाली. अट एकच होती. सहामाहीत एकाही विषयात नापास झाला तर दिवाळीपासून जागा रिकामी करायची, कारण दाराशी दुसरे वाट बघत असतात. पैसे भरून राहण्याची वारलूची ऐपत नव्हती. जागा गेली की कॉलेज गेलं, आणि कॉलेज गेलं की हातोडा, हे त्याला पहिल्याच दिवशी समजलं होतं.

मराठी आणि इंग्रजी तर घ्यावंच लागे. बाकीचे विषय निवडायचे होते. तर्कशास्त्राचं पुस्तक तीनशे पानांचं, इतिहासाची दोन. अर्थशास्त्राचं पातळसर मराठी पुस्तक होतं, एकशे चव्वेचाळीस पानांचं. वारलूनं ते हातात तोललं, उघडूनसुद्धा बघितलं नाही. एवढं तर त्यानं एका मोसमात दोन राजे मिळून पाठ केलं होतं. फॉर्मवर अर्थशास्त्र लिहून मोकळा झाला.

खोलीत सोबतीला रफीक होता, बल्लारपूरच्या शिंप्याचा मुलगा. त्याचा विषय वेगळा, पण स्वभाव मदतीचा. वारलूनं त्याला कामाला लावलं. रफीकनं परिच्छेदाचं शेवटचं वाक्य वाचायचं, की वारलूनं पुढचा परिच्छेद म्हणायचा.

रफीक वाचायचा, "म्हणून मानवाच्या गरजा अमर्याद असतात."

वारलू खाटेवरून उठायचा, छातीवर हात ठेवायचा आणि म्हणायचा, "तथापि, त्या भागविण्याची साधने मर्यादित असतात." मग टाळ्यांसाठी जागा सोडायचा.

पुस्तकातल्या प्रत्येक नियमात एक वाक्य हमखास येई, 'इतर परिस्थिती कायम असल्यास'. ते वारलूचं लाडकं. त्या ठिकाणी तो तर्जनी वर करून आवाज खाली आणायचा, जसा राजा शाप देण्याआधी आणतो.

"अबे, तू पढून राह्यला का लढून राह्यला?" रफीक विचारायचा.

"तू खालचं वाच."

"और मतलब? हे इतर परिस्थिती म्हणजे काय?"

"मतलब सर पाह्यतीन. आपलं काम पाठ कराचं."

ऐकायला शेजारच्या खोल्यांतली पोरं दारात जमत. बोर्डिंगात अशी हवा झाली, की बोरकुटे अर्थशास्त्रात पहिला येणार. ती हवा वारलूनंच भरली होती म्हणा, पण भरणारा एकटा असला तरी फुगा सगळ्यांनाच दिसतो. वर्गात प्राध्यापक खानझोडे फळ्यावर रेघा काढत, प्रश्न विचारत, आणि वारलू मागच्या बाकावर ओठ हलवत पुढचं पान घोकत बसे. सर पुस्तकाबाहेरचं काही सांगू लागले की त्याला राग येई. पुस्तक सोडून बोलणारा माणूस त्याच्या लेखी पाठांतर कच्चं असलेला माणूस होता.

ऑक्टोबरात सहामाही आली. पहिलाच प्रश्न: 'आपल्या भागातील शेतीचे उदाहरण देऊन घटत्या फलाचा नियम स्पष्ट करा.'

वारलूनं प्रश्न तीनदा वाचला. घटत्या फलाचा नियम अठ्ठावन्नाव्या पानावर होता, हे त्याला पक्कं ठाऊक. पण त्याच्या आधीचं वाक्य आठवेना. आधीचं वाक्य आठवायला त्याच्या आधीचं लागे.  शेजारी रफीक नव्हता, आणि असता तरी परीक्षेत त्याला मोठ्यानं वाचू कोण देणार? शेवटी वारलूनं शहाणपणा केला. पहिल्या पानापासून लिहायला घेतलं, म्हणजे ओघात अठ्ठावन्नावं येईल. दोन तासांत चौदा पानं भरली, हात सुजला, आणि घंटा झाली तेव्हा गडी पुस्तकाच्या अकराव्या पानावर होता.

पन्नासपैकी सहा मिळाले.

खानझोडे सरांनी त्याला खोलीत बोलावलं. माणूस नागपूरचा, बारीक, बोलायला कमी. पेपर समोर ठेवला होता.

"बोरकुटे, हे पुस्तक माझ्याकडं आहे. तुमच्याकडून ते परत नको होतं मला."

"सर, एक शबूद चुकला असंल तर दाखवा."

"एकही चुकला नाही. मी ताडून बघितलं." सरांनी पेपर उलटला. "सहा मार्क कशाचे दिले ते मलाच नीटसं सांगता येणार नाही."

वारलूनं बोर्डिंगची अट सांगितली. हातोड्याचंही सांगितलं. सरांनी बोर्डिंगच्या व्यवस्थापकांना चिठ्ठी लिहिली. सुट्टीनंतरच्या पहिल्या सोमवारी बोरकुटेची पुन्हा परीक्षा होईल, अठरा मिळाले तर जागा राहू द्यावी, नाहीतर नियम आहेच.

दिवाळीला वारलू घरी निघाला. छोट्या रेल्वेगाडीनं मूल गावापर्यंत, तिथून कोणाच्या तरी बैलबंडीत नदीपर्यंत आणि मग डोंग्यानं वैनगंगा पार. घरी पोचला तर कमळा अंगण सारवत होती. तिनं मान वर केली नाही.

"तुमी नापास झाले म्हने," ती म्हणाली.

"तुले कोनं सांगतलं?"

"डोंगेवाल्याचा पोऱ्या तुमच्या पुढं पळत आला."

"आन् डोंगेवाल्याले कोनं सांगतलं?"

"कोनी नाई. तुमचं तोंड पाहून समजलं म्हने त्याले."

संध्याकाळपर्यंत गावात तीन गोष्टी तयार झाल्या होत्या. एक, वारलूला कॉलेजातल्या पोरीचा नाद लागला. दोन, त्यानं सरांशी भांडण केलं. तिसरी शेजारच्या रुखमाबाईनं काढलेली, की चांद्याचं पाणीच असं आहे, पाठ केलेलं टिकत नाही. खरी गोष्ट कोणालाच पटली नसती. वारलू आणि पाठांतरात नापास?

दिवाळीनंतर गावात मंडई भरली. झाडीपट्टीत मंडई म्हणजे एका दिवसाची जत्रा, आणि जत्रेत दुपारी दंडार. दंडारीला ना पडदा ना मंच. मोकळ्या जागेत लोक गोल बसतात, ढोलकी वाजते आणि गडी मध्ये उभे राहून सोंग करतात. वारलूचा काका दादाजी दंडारीतला जुना गडी. अंगठेबहाद्दर, पण पाटलाचं सोंग त्यानंच करावं. नाटकातले लोक दंडारवाल्यांना जरा खालचे समजत. वारलूही समजे, फक्त काका म्हणून तोंडावर बोलत नसे.

त्या दुपारी सोंग रंगात आलं असताना एक बकरी गोलात शिरली. लुगडं नेसून पाटलीण झालेल्या गड्याचा पदर तिनं तोंडात धरला. लोक हसू लागले. दादाजीनं मिशीवरचा हात न काढता पाटलाच्या आवाजात म्हटलं, "पाटलीनबाई, तुमच्या माहेरचे पाव्हने आले. पदर मंग सोडवा, आधी पानी द्या." पाटलिणीनं बकरीपुढं लोटा धरला, सासरचं गाऱ्हाणं तिला सांगून टाकलं, आणि त्यातूनच पुढचं भांडण सुरू झालं. सोंग एक श्वासही थांबलं नाही.

वारलूला ते कुत्रं आठवलं. दंडार संपल्यावर तो काकाजवळ जाऊन बसला.

"काका, बकरीचं बोलनं कधी पाठ केलं?"

"येडा झाला का? बकरी का तालमीले येते?"

"मंग सुचलं कसं?"

दादाजीनं तंबाखू चोळली. "दंडारीत पाठ काईच नसते बापू. गोष्ट मालूम पाह्यजे. पाटील कंजूस हाये, पाटलीन माहेरची मिजास करते, एवढं मालूम असलं का बकरी येवो का म्हैस येवो, बोलनं तोंडात येतेच." मग त्यानं पुतण्याकडे तिरकं बघितलं. "तुह्या त्या पुस्तकात काय गोष्ट हाये? सांग बरं."

वारलूनं छातीवर हात ठेवला. "मानवाच्या गरजा अमर्याद—"

"हे बोलनं झालं. गोष्ट सांग."

 वारलूनं मनातल्या मनात पानं उलटून बघितली. एकशे चव्वेचाळीस पानं घशापर्यंत भरलेली, आणि सांगायला गोष्ट एक नाही. दादाजी तंबाखू थुंकून उठला. "मालूम झाली का मंग सांग," म्हणाला आणि चहा प्यायला गेला.

दोन दिवसांनी बोरकुट्यांच्या खळ्यावर हलक्या धानाचं चुरणं निघालं. पसरलेल्या धानावर बैल गोल फिरवायचे, त्यांच्या खुरांनी दाणा सुटतो. एकमेकांच्या खळ्यावर बैलजोडी घेऊन जायची गावची रीत. सकाळी घरची आणि दादाजीची अशा दोन जोड्या फिरत होत्या, काम झपाट्यात चाललं होतं. मग मंडईची सुस्ती उतरलेले शेजारी एकेक करून आले. तिसरी जोडी जुंपली, थोडा वेग वाढला. चौथीनं वाढला की नाही ते सांगता येणार नाही. पाचवी लटारूभाऊची. ती आली आणि खळ्याचा पार बाजारतळ झाला. बाहेरचा बैल कडेच्या मातीत उतरे, आतला जागीच उभा राही, पेंढा चहूकडे उडे.

कमळा पेंढा उलटत होती. तिनं कमरेवर हात ठेवले.

"लटारूभाऊ, तुमची जोडी सोडा आन् सावलीत बांधा."

"काऊन वो बाई? मी मदतीले आलो ना."

"मदतच करा. बसा. तुमचे बैल चुरून कमी आन् खाऊन जास्त राह्यले."

लटारूभाऊ रुसला, पण जोडी सोडली. काम पुन्हा चालू झालं. वारलू मात्र हातातला पेंढा धरून उभाच.

"कमळे, तिसऱ्या जोडीनं फरक पडला होता?"

"पडला थोडा."

"दुसरीनं पडला तेवढा?"

"नाई. तुमी हात चालवा."

"मंग पाच जोड्यानं पाचपट काऊन नाई झालं?"

कमळानं त्याच्याकडे असं बघितलं, की रुखमाबाईचं चांद्याच्या पाण्याचं म्हणणं तिला पटू लागलं असावं. "खळं तेवढंच हाये ना वो. बैल वाढवले म्हनून खळं वाढते का?"

"हेच अठ्ठावन्न पान हाये," वारलू म्हणाला.

"हे शिकाले चांद्याले गेले होते? मले इचारलं असतं." ती पुन्हा पेंढा उलटू लागली, आणि मग पाठमोरीच म्हणाली, "आन् खळं मोठं केलं तर? मंग पाचवी जोडी चालंल ना. तवा तुमचं पान खोटं पडलं."

 हात धुऊन वारलू घरात गेला, पुस्तक काढलं. अठ्ठावन्नाव्या पानावर नियमाच्या डोक्यावरच लिहिलं होतं: 'इतर परिस्थिती कायम असल्यास'. तर्जनी वर करून शंभरदा म्हटलेलं वाक्य. त्याचा अर्थ एवढाच, की खळं तेवढंच ठेवा आणि मग बघा. वारलू बाहेर आला आणि कमळाला ते वाचून दाखवलं.

"मंग पह्यलेच सांगाचं ना," ती म्हणाली, जणू चूक पुस्तकाची नसून त्याचीच होती.

उरलेल्या सुट्टीत वारलूनं गावाला हैराण केलं. पुस्तकातल्या एकेका नियमाची गोष्ट काढायची आणि ती दादाजीला सांगायची. दादाजीला समजली तर ठीक, नाही समजली तर पुन्हा पुस्तक. एकच वस्तू एकामागून एक मिळत गेली की तिची गोडी कमी होत जाते, हा नियम बघायला त्यानं रुसलेल्या लटारूभाऊला बोलावून अनरसे वाढले. दुसऱ्याला गोडी कमी झाली का, नाही. पाचव्याला, नाही. कमळा डब्याकडे आणि नवऱ्याकडे आळीपाळीनं बघू लागली. अकराव्यालाही लटारूभाऊ म्हणाला, "चांगला हाये, आन दुसरा." वारलूला वाटलं, नियमच खोटा. चौदाव्याला लटारूभाऊनं अर्धा खाऊन हात मागे घेतला. नियम होता, लटारूभाऊला उशिरा लागत होता. वहीत वारलूनं तसंच लिहून ठेवलं, की नियम सगळ्यांना लागतो पण कुठून लागतो ते माणसावर असतं. पाठ त्यानं काहीच केलं नाही. ती सवय सोडताना पानाची तलफ मारल्यासारखं होत होतं.

सोमवारी खानझोडे सरांच्या खोलीत तो एकटाच परीक्षेला बसला. तीन प्रश्न होते. त्यानं सगळं मिळून तीन पानं लिहिली आणि वेळेच्या आधी उठला. सरांनी त्याला थांबवून घेतलं आणि समोरच पेपर तपासायला घेतला. लाल पेन्सिल हळूहळू खाली येत होती.

"हे लटारूभाऊ कोण?"

"आमच्या गावचे हायेत, सर."

"चौदा अनरसे?"

"साडेतेरा."

सरांनी काही लिहिलं. खळ्याच्या प्रश्नाला बराच वेळ थांबले, एका ओळीखाली रेघ मारली, पान उलटलं. तिसऱ्या प्रश्नाशी पेन्सिल अडली.

"दोन प्रश्नांचे सोळा झाले. अठरा लागतात," सर म्हणाले. "हा तिसरा मात्र चुकलाय. किंमत उतरली की मागणी वाढते, हे बरोबर. उदाहरण मिठाचं दिलंय. बाजारात मीठ निम्म्या भावाला झालं तर तुमच्या घरी भाजीत दुप्पट घालतात?"

 हे पुस्तकात नव्हतं. दादाजीला सांगितलेल्या गोष्टींतही नव्हतं. समोर कोणी वाक्याचा शेवट टाकणारं नव्हतं. जुन्या सवयीनं 'किंमत आणि मागणी यांचा परस्परसंबंध' हे शब्द जिभेवर आले, ते त्यानं गिळले. डोळ्यांपुढं चामोर्शीचा बाजार आणला. मिठाच्या दुकानापुढं कमळा उभी केली, भाव निम्मा केला आणि ती काय करते ते बघत राहिला. सर वाट बघत होते. 

"नाई सर," शेवटी वारलू म्हणाला. "बायको तेवढंच घेईल. मीठ जास्त घेऊन करंल काय? उरलेल्या पैशाचा गूळ घेईल."

"मग नियम खोटा?"

"खोटा नाई. मिठाले जवळपास लागत नाई, गुळाले लागते. गूळ सस्ता झाला का चहा दोनदा होते घरी. ज्या जिनसेचं पोट लवकर भरते, तिची मागनी भाव उतरला तरी फार वाढत नाई." मग तो म्हणाला, "मी मिठाच्या जागी गूळ लिवाले पाह्यजे होतं."

सर पेन्सिल बोटात फिरवत राहिले. "हे तुम्ही कुठं वाचलं?"

"वाचलं नाई, सर."

"नसणारच. पुढच्या महिन्यात शिकवणार आहे मी." त्यांनी तिसऱ्या प्रश्नापुढं सहा लिहिले, बेरीज केली, बावीस आकड्याभोवती गोल काढला आणि व्यवस्थापकांच्या नावची चिठ्ठी लिहून दिली. "वर्गात पुढच्या बाकावर बसत जा. मागं बसून ओठ हलवता, ते मला दिसतं."

बोर्डिंगचे व्यवस्थापक जेवणघराच्या दारात पाटावर बसून हजेरी घेत होते. चिठ्ठी त्यांनी डोळ्यांपासून लांब धरून वाचली.

"बावीसच? तीन महिने भिंतीतून तुझं अर्थशास्त्र ऐकून राह्यलो, मले वाटलं चाळीस तरी घेशील."

"आता भिंतीतून ऐकू येनार नाई," वारलू म्हणाला.

"ते बरं होईल." त्यांनी सोडून जाणाऱ्यांच्या यादीतलं त्याचं नाव खोडलं, खालच्या ओळीतल्या पोराला सामान बांधून ठेव म्हणून सांगितलं आणि मान हलवून आत जायची खूण केली. वारलू पंगतीत बसला. वाढपी भात घेऊन चौथ्यांदा आला, तरी त्याला त्यानं पुरे म्हटलं नाही.